पंधरा इंची कॅबिनेट, हरवलेला एफ आणि बारा इंचाच्या दोन पेट्या

या प्रकरणातील वादक गेली सहा वर्षे बास गिटार वाजवत आहे. तिच्याकडे पाच तारांची बास, ४ ओहमला (ओहम हे स्पीकरचा विद्युत अवरोध मोजण्याचे एकक) ५०० वॉट देणारा वजनाने हलका क्लास-डी ॲम्प आणि १५ इंचाचा एकच स्पीकर बसवलेले, पोर्ट (हवा ये-जा करण्याचे भोक) असलेले, ८ ओहमचे कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, आहे. बँडमध्ये तिच्याखेरीज ड्रम, दोन इलेक्ट्रिक गिटार आणि कीबोर्ड आहे. कार्यक्रम बहुतेक शंभर-दीडशे श्रोत्यांच्या सभागृहांत होतात. तिथे गायकाचा आवाज आणि कीबोर्ड एवढेच पीएमधून (सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेतून) जातात आणि बास मात्र तिच्या पाठीमागच्या कॅबिनेटमधूनच श्रोत्यांपर्यंत पोहोचते. मोठ्या मंचावर डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल थेट ध्वनिव्यवस्थेला जोडणाऱ्या डबीतून) बास पीएला दिली जाते, पण असे कार्यक्रम थोडे.

मी मंचावरच्या आवाजाची जुळवाजुळव आणि स्पीकरच्या पेट्यांची दुरुस्ती करतो, म्हणून ती माझ्याकडे आली. येताना तिने अर्धा निर्णय घेतलेलाच होता. जुन्या पेटीच्या जोडीला आणखी एक १५ इंची घ्यावी की चार १० इंची स्पीकरची पेटी घ्यावी, एवढेच तिला विचारायचे होते. नेमकी अडचण काय, असे मी विचारल्यावर ती म्हणाली, "दादा, मी वाजवतेय ते मलाच ऐकू येत नाही, आणि समोर बसलेले सांगतात की बास फार घुमतेय."

या दोन तक्रारी वरवर पाहता एकमेकींच्या विरुद्ध आहेत. एकच आवाज एकाच वेळी कमी आणि जास्त कसा असेल? परंतु कॅबिनेटच्या बाबतीत ही जोडी इतक्या वेळा एकत्र येते की एक ऐकली की मी दुसरीची वाट पाहतो. खालचे सूर पेटीतून सर्व दिशांना पसरतात आणि मधले व वरचे सूर स्पीकरच्या तोंडासमोर झोत धरून जातात. आपण काय वाजवले हे वादकाला कळते ते मुख्यतः या मधल्या सुरांमुळे, कारण बोटाचा तारेवरचा ठसा, सुराची सुरुवात आणि त्याचा शेवट हे सगळे तिथेच असते. तो झोत तिच्या कानांपर्यंत पोहोचत नव्हता. बास ऐकू येत नाही म्हणून तिने साहजिकच बासचे बटण चढवले, त्यामुळे खालचा भाग फुगला, तो खोलीभर घुमू लागला, आणि तिला हवे होते ते तरीही ऐकू आले नाही. हेच चक्र दर कार्यक्रमात फिरत होते.

सरावाच्या खोलीत काय आढळले

नवीन पेटीचा विचार करण्यापूर्वी जुनी पेटी आहे त्या जागी ऐकावी, असे ठरवले. पेटी जमिनीवर होती आणि स्पीकरचा मध्य जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर येत होता. ती पेटीपुढे दीड मीटरवर उभी राहत असे आणि तिचे कान जमिनीपासून दीड मीटर उंचीवर होते. म्हणजे स्पीकरच्या सरळ रेषेपासून तिचे कान जवळजवळ ४० अंश वर होते. १५ इंची स्पीकरच्या कोनचा (शंकूसारख्या पडद्याचा) प्रत्यक्ष हलणारा भाग सुमारे ३३ सेंटिमीटर व्यासाचा असतो. सुराची तरंगलांबी या व्यासाइतकी झाली की आवाज झोतात आवळला जाऊ लागतो, आणि हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर १५ इंची स्पीकरसाठी ही पायरी साधारण १ किलोहर्ट्झला येते. त्याच्या वर जसजसे जावे तसा झोत अरुंद होतो आणि ४० अंशांवर उभ्या असलेल्या माणसाला त्यातले फारसे काही मिळत नाही. तिच्या गुडघ्यांना मात्र अतिशय सुस्पष्ट बास ऐकू येत होती.

पेटी आम्ही ६० सेंटिमीटर उंचीच्या एका भक्कम बाकावर चढवली. बाकी काहीही बदलले नाही, ॲम्पची बटणे जिथल्या तिथे ठेवली. ड्रमवादकाने ठेका धरला आणि पहिल्या दोन आवर्तनांतच तिने, कोणी न सांगता, मास्टर व्हॉल्यूम खाली आणला. कान आणि स्पीकर यांच्यातला कोन आता २२ अंशांवर आला होता. ती म्हणाली की आपली करंगळी सूर नीट दाबत नाही हे आपल्याला आज पहिल्यांदा ऐकू आले. चांगल्या मॉनिटरिंगची याहून प्रामाणिक पावती मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट अधिक रंजक निघाली. तिला तिच्या बासच्या मानेत एक 'डेड स्पॉट' (जिथे सूर लवकर विझतो अशी जागा) असल्याचा संशय होता, कारण डी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा एफ हा सूर सरावाच्या खोलीत नेहमी बसका लागे. त्यासाठी तिने तार बदलली होती, फ्रेट घासून घेतली होती आणि गिटार एका दुरुस्ती करणाऱ्याकडे आठवडाभर ठेवली होती. आम्ही लूपर पेडल लावले. तिने मोकळ्या ई तारेपासून डी तारेच्या बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर सारख्याच जोराने वाजवून नोंदवला, आणि मग ते आवर्तन फिरत ठेवून आम्ही दोघे खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिलो. एफ आला आणि जणू कोणीतरी पेटीवर उशी दाबली. तोच एफ तिने ए तारेच्या आठव्या फ्रेटवर वाजवून पाहिला, तर तिथेही तीच गत. मानेतला दोष दोन वेगळ्या तारांवर, दोन वेगळ्या फ्रेटवर एकाच सुराला धरून सहसा इतका सारखा येत नाही. हेडफोन लावून ऐकले तेव्हा एफ इतर सुरांइतकाच भरलेला होता.

कारण भिंतीत होते. पेटीचे तोंड मागच्या भिंतीपासून बरोबर १ मीटरवर होते. खालचे सूर मागेही तितकेच जातात, भिंतीवर आपटून परत येतात आणि पुढे जाणाऱ्या मूळ आवाजात मिसळतात. त्यांचा प्रवास २ मीटरने जास्त झालेला असतो. ज्या सुराची अर्धी तरंगलांबी २ मीटर, त्या सुराचा परतलेला आवाज मूळ आवाजाच्या नेमका उलटा येतो आणि दोघे एकमेकांना खातात. तो सूर ८६ हर्ट्झचा. डी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा एफ ८७.३ हर्ट्झचा आहे. ई तारेच्या पहिल्या फ्रेटवरचा खालचा एफ ४३.७ हर्ट्झचा असला, तरी त्याचा दुसरा स्वरांश (मूळ सुरासोबत वाजणारा, दुप्पट कंपनांचा अंश) त्याच ८७.३ वर पडतो, त्यामुळे तोही पातळ लागत होता. तिच्या गिटारवर झालेला सगळा इलाज निरोगी माणसावर झाला होता.

पेटी मागे सरकवून भिंतीशी १० सेंटिमीटरची फट ठेवली, तेव्हा तिचे तोंड भिंतीपासून ५५ सेंटिमीटरवर आले. एफ परतला. खड्डा नाहीसा झाला असे मी म्हणणार नाही. तो हिशेबाने १५६ हर्ट्झच्या आसपास सरकला, पण तिथे पेटी मागच्या बाजूला मुळातच कमी आवाज टाकते, त्यामुळे खड्डा उथळ राहतो आणि कानाला फारसा टोचत नाही. भिंत जवळ आल्याने खालचे सगळे सूर भरघोस झाले, तेव्हा ॲम्पवरचे बासचे बटण मध्याच्याही थोडे खाली आणले आणि घुमण्याची तक्रार तिथेच निम्म्यावर आली. या सगळ्यात दुपार गेली, खर्च काही झाला नाही.

मग नवीन पेटी हवीच कशाला

हा प्रश्न तिनेच विचारला आणि तो योग्य होता. उत्तर देताना मी तीन गोष्टी धरल्या. प्रत्येक ठिकाणी भक्कम बाक मिळत नाही, आणि एवढी जड पेटी एकटीने उचलून वर ठेवणे हे दर कार्यक्रमाला करण्यासारखे काम नाही. दुसरे असे की, पेटी उंचावल्यावरही श्रोत्यांत बाजूला बसणाऱ्यांना १५ इंची स्पीकरच्या झोताबाहेरचाच आवाज मिळत होता, म्हणजे मधल्या खुर्च्यांवर खणखणीत आणि कडेला नुसता गुबगुबीत. तिसरी गोष्ट त्या विशिष्ट पेटीची होती. तिचा १०० ते २०० हर्ट्झमधला भाग फुगीर होता, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात कीबोर्डवादकाचा डावा हात आणि बास ड्रमचे भरीवपण यांची गर्दी होती.

इथे एक गैरसमज बाजूला करावा लागेल, कारण तिची अर्धी खरेदी त्याच्यावरच उभी होती. १५ इंची म्हणजे खोल, १० इंची म्हणजे चपळ, हे समीकरण मी इतक्या ठिकाणी ऐकले आहे की ते पाठच झाले आहे. स्पीकर किती हवा हलवू शकतो हे कोनच्या क्षेत्रफळावर आणि कोन पुढे-मागे किती सरकू शकतो यावर ठरते. १० इंची कोनचे क्षेत्रफळ सुमारे ३५० चौरस सेंटिमीटर असते, १२ इंचीचे ५३० च्या आसपास आणि १५ इंचीचे साधारण ८६०. म्हणजे चार १० इंची मिळून १४०० होतात आणि दोन १२ इंची मिळून १०६०, आणि दोन्ही जोड्या एकट्या १५ इंचीपेक्षा मोठ्या ठरतात. उरलेले काम पेटीचे घनफळ, पोर्टची जुळणी आणि स्पीकरची स्वतःची घडण करते. या गोष्टी मोजमापात बांधून पेटीचा आराखडा कागदावर करता यावा ही सोय नेव्हिल थीले यांच्या १९६१ मधील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या १९७० च्या दशकातील कामामुळे झाली, आणि आज कुठल्याही गंभीर स्पीकरच्या माहितीपत्रकात त्या दोघांच्या नावाची परिमाणे छापलेली असतात.

इतिहास पाहिला तरी व्यासाचे समीकरण टिकत नाही. १९६० मध्ये आलेल्या, ॲम्पेग कंपनीच्या बी-१५ या बास ॲम्पमध्ये एकच १५ इंची स्पीकर होता आणि त्याचा गोलसर, भरीव आवाज आजही अनेकांना आदर्श वाटतो. बासवादक जेम्स जेमरसन यांच्या नावाशी तो जोडला गेला आहे. त्याच कंपनीने १९६९ मध्ये मोठ्या मंचांसाठी ३०० वॉटचा एसव्हीटी हा ॲम्प आणला, आणि त्याच्या जोडीला दिली ती आठ १० इंची स्पीकरची बंद, बिनपोर्टची पेटी. ही पेटी गडगडाटासाठी प्रसिद्ध आहे. तिच्या आजच्या आवृत्तीचे माहितीपत्रक पाहिले, तर ५८ हर्ट्झलाच आवाज ३ डेसिबलने उतरलेला दिसतो. चार तारांच्या बासची मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झची असते आणि पाच तारांच्या बासची बी तार ३०.९ हर्ट्झची. म्हणजे लोक ज्या पेटीला खोल म्हणतात, ती मोकळ्या ई तारेचा मूळ सूर पूर्ण जोराने देतच नाही. ८२.४ हर्ट्झचा दुसरा स्वरांश आणि त्याच्या वरचे स्वरांश ठणठणीत असले की कान खालचा सूर स्वतः पुरा करतो. म्हणून मी तिला सांगितले की पेटी निवडताना ती किती खाली जाते हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ठेव. ८० ते १००० हर्ट्झ हा भाग ती किती सरळ आणि किती रुंद पसरवते, हे आधी ऐक.

हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा लोखंडी नियमही तिला सांगणे भाग होते. खोल सूर, लहान पेटी आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज या तिन्हींपैकी दोन मिळतात, तिसरे सोडावे लागते. लहान पेटीतून अगदी खोल सूर देणारी उत्पादने आहेत, पण ती ॲम्पचे वॉट अधाशासारखी खातात. तिला पेटी एकटीने जिन्यावरून न्यायची होती आणि ॲम्प बदलायचा नव्हता. म्हणजे लहान पेटी आणि मोठा आवाज या दोन गोष्टी आधीच ठरल्या होत्या आणि सोडायचे होते ते अगदी तळाचे सूर. हे एकदा मान्य केल्यावर निवड बरीच सोपी झाली.

पर्याय

आणखी एक १५ इंची पेटी हा पर्याय पाच मिनिटांत गळला. जे दुखणे होते तेच त्यामुळे दुप्पट झाले असते. आठ १० इंचीची पेटी साठ किलोच्या घरात जाते, त्यामुळे तिचा विचारही केला नाही.

जुन्या १५ इंचीवर चार १० इंची ठेवण्याची कल्पना मात्र तिला मनापासून आवडत होती, आणि अशी रचना मंचावर दिसतेही सुंदर. तिच्याबद्दल माझा आक्षेप असा की या दोन पेट्यांमध्ये कामाची वाटणी होत नाही. खालचे सूर १५ इंचीला आणि वरचे १० इंचींना, असे वाटून देणारा क्रॉसओव्हर तिथे नसतो, दोन्ही पेट्या सगळेच सूर वाजवतात. दोन्ही ८ ओहमच्या असतील तर ॲम्पची शक्ती निम्मी-निम्मी वाटली जाते. एका बाजूला ती चार स्पीकर मिळून पेलतात आणि दुसऱ्या बाजूला एकट्या १५ इंचीला पेलावी लागते, त्यामुळे आधी दम तोच तोडतो. शिवाय दोन पेट्यांचे पोर्ट वेगवेगळ्या सुरांना जुळवलेले असल्यामुळे त्या सुरांच्या आसपास एकीचा कोन पुढे येत असताना दुसरीचा मागे जात असतो आणि तिथले सूर काही अंशी कापले जातात. काहींना अशा मिश्रणातून येणारा आवाज आवडतो आणि त्यांना तो बदला असे मी सांगणार नाही. पण तो आधीपासून ठरवता येत नाही, आणि तिला हरवलेले सूर शोधण्याचा पुरेसा अनुभव झालेला होता.

उरले तीन पर्याय: चार १० इंचीची एक पेटी, उभी ठेवता येणारी दोन १० इंचीची पेटी, आणि एकाच बनावटीच्या दोन १२ इंची पेट्या. या तिन्ही पर्यायांत मिळून आम्ही पाच पेट्या आठवडाभरासाठी उसन्या आणल्या.

ऐकण्याची पद्धत मी थोडी काटेकोर ठेवली, कारण पेट्या एकामागून एक ऐकताना जी जरा मोठी वाजते तीच चांगली वाटते, मग फरक एका डेसिबलचा का असेना. लूपरवर तिने तीन तुकडे नोंदवले: बोटांनी वाजवलेली संथ चाल, अंगठ्याने मारलेली स्लॅपची चाल आणि खालच्या बी तारेवरचे लांब सूर. प्रत्येक पेटीचा आवाज ध्वनिमापकाने त्याच जागेवरून सारखा करून घेतला, ॲम्पची सगळी बटणे मध्यावर ठेवली आणि पेट्यांवर पातळ काळे कापड टाकले. कोणती पेटी वाजत आहे हे फक्त मला माहीत होते.

एकट्याने ऐकताना तिने चार १० इंचीच्या पेटीला पहिली पसंती दिली. तळ गुबगुबीत, वरचा भाग चकचकीत, मधला भाग किंचित दबलेला, असा तिचा आवाज होता आणि खोलीत एकटी बास वाजत असताना तो खरोखरच श्रीमंत वाटत होता. मग ड्रम आणि दोन्ही गिटार सुरू झाल्या आणि ती पेटी गर्दीत बुडाली. तळ बास ड्रमने खाल्ला, वरचा चकचकीतपणा झांजांनी झाकला आणि उरलेल्या मधल्या भागात तिच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. १२ इंची पेटीला तिने एकट्याने ऐकताना चौथा क्रमांक दिला होता, "जरा नाकातून बोलते" असा शेराही मारला होता. बँडमध्ये मात्र तिचा प्रत्येक सूर वेगळा ऐकू आला, कारण ते नाकातले बोलणे ५०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात होते आणि त्या पट्ट्यात गिटारींच्या खाली थोडी मोकळी जागा असते. एकट्याने ऐकून पेटी निवडली असती, तर ती दुसऱ्यांदा फसली असती.

दोन १० इंचीच्या पेट्यांपैकी एक बांधणीमुळे बाद झाली. मोकळी ए तार वाजली की आतून बारीक खर्रर्र असा आवाज येई. ५५ हर्ट्झच्या त्या सुराला हँडलच्या वाटीचा एक स्क्रू थरथरत होता. तो आवळला, तर मागची फळीच हलते आहे हे कळले. बोटांच्या सांध्यांनी फळीवर टकटक केली की आत आडवे आधार आहेत की नाही हे हाताला समजते. चांगल्या प्लायवुडच्या, आतून बांधलेल्या पेटीचा टकटकाट कोरडा आणि छोटा येतो, आणि या पेटीचा मात्र डफासारखा आला. दुसऱ्या दोन १० इंचीच्या पेटीत खालच्या बी तारेला पोर्टमधून हवेचा फुस्स असा आवाज येत होता. संथ गाण्यात तो श्रोत्यांना ऐकू गेला असता, असे मला वाटते. ती पेटी बाकी फार चांगली होती आणि चार तारांच्या बाससाठी मी ती आनंदाने सुचवली असती.

निर्णय आणि रचना

तिने ८ ओहमच्या, एकाच बनावटीच्या दोन १२ इंची पेट्या घेतल्या. त्यांचे चुंबक निओडिमियमचे असल्यामुळे एकेक पेटी एका हाताने उचलता येते आणि जिना दोन फेऱ्यांत उरकतो. ८ ओहमचा आग्रह मी धरला, कारण अशा दोन पेट्या समांतर जोडल्या की ॲम्पला ४ ओहम दिसतात आणि त्याची किमान मर्यादा तीच आहे. ४ ओहमची एक पेटी आधी घेतली असती, तर दुसरी कधीच जोडता आली नसती. जोडणीसाठी जाड तांब्याच्या, स्पीकॉन (स्पीकरसाठीच्या खास प्लगच्या) टोकाच्या केबल घेतल्या. गिटारची बारीक केबल स्पीकरला लावण्याची सवय तिला नव्हती, पण बँडमधल्या एकाला होती, म्हणून ती गोष्टही त्याच वेळी बोलून घेतली.

लहान कार्यक्रमात ती एकच पेटी नेते. ॲम्प ८ ओहमला सुमारे ३०० वॉट देतो. दोन्ही पेट्या जोडल्या की एकूण शक्ती ५०० वॉटवर जाते आणि त्यातून २.२ डेसिबल मिळतात. कोनचे क्षेत्रफळ दुप्पट झाल्याचे आणखी ३ डेसिबल खालच्या सुरांत मिळतात, म्हणजे एकूण ५ डेसिबलच्या पुढे. एवढी वाढ नुसत्या ॲम्पमधून मिळवायची, तर शक्ती तिपटीहून अधिक करावी लागली असती.

पेट्या एकमेकींशेजारी ठेवायच्या नाहीत, एकीवर एक ठेवायच्या, यावर मी सर्वाधिक वेळ घालवला. शेजारी ठेवल्या तर दोन स्पीकरच्या मध्यांत सुमारे ४५ सेंटिमीटर अंतर पडते. ४५ अंश बाजूला बसलेल्या श्रोत्याला एकीचा आवाज ३२ सेंटिमीटर उशिरा पोहोचतो आणि ५४० हर्ट्झच्या आसपास दोघी एकमेकींना कापतात, म्हणजे ज्या पट्ट्यासाठी ही पेटी निवडली, नेमका तोच पट्टा जातो. एकीवर एक ठेवल्या की डावी-उजवीकडच्या श्रोत्यांना दोन्ही स्पीकर जवळजवळ सारख्याच अंतरावर राहतात.

या रचनेची किंमत वादकाला मोजावी लागते, हे लपवून चालणार नाही. उभ्या रचनेत खालचा स्पीकर जमिनीपासून २५ आणि वरचा ७५ सेंटिमीटरवर येतो. दीड मीटरवर उभ्या असलेल्या तिच्या कानांपासून दोघांच्या अंतरात २८ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि ६२० हर्ट्झला तोच कापाकापीचा प्रकार आता तिच्या वाट्याला येतो. पहिल्या सरावात तिने ते लगेच ओळखले: "एकच पेटी असताना जास्त स्पष्ट होतं." ती अर्धा मीटर पुढे सरकली आणि आम्ही पेट्यांखाली ३० सेंटिमीटर उंचीचा ठोकळा ठेवला, तेव्हा फरक १६ सेंटिमीटरवर आला आणि खड्डा १ किलोहर्ट्झच्या वर गेला. तिथे तो तिला खटकत नाही. तो ठोकळा आता तिच्या केबलची पेटी म्हणून वापरात आहे, त्यामुळे वेगळे ओझे झाले नाही. खालच्या पेटीचा ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) मागच्या बटणाने पूर्ण बंद ठेवला आहे. साडेतीन किलोहर्ट्झच्या वर तरंगलांबी १० सेंटिमीटरपेक्षाही कमी होते आणि दोन ट्वीटर एकाच वेळी वाजले की डोके जरा हलवले तरी आवाजाचा पोत बदलतो.

खालच्या बी तारेचा प्रश्न अर्धाच सुटला. या पेट्यांचे पोर्ट ५० हर्ट्झच्या थोडे खाली जुळवलेले आहेत. त्याच्याही खालच्या सुरांना पोर्टकडून कोनला मिळणारा आधार संपतो, आवाज फारसा येत नाही आणि कोन मात्र बेफाम हलतो. जोरात वाजवलेल्या बी सुराला पूर्वी जो फट् असा आवाज येई, तो कोन आपल्या मर्यादेवर आदळल्याचा होता. ॲम्पपूर्वी एक हाय-पास फिल्टर लावून ३५ हर्ट्झच्या खालचा भाग कापला, तेव्हा तो आवाज थांबला आणि त्याच वॉटमध्ये बाकीचे सूर अधिक मोकळे झाले. बी तारेचा मूळ सूर तिला या पेट्यांतून मिळत नाही, ६१.७ हर्ट्झचा दुसरा स्वरांश मिळतो. चार फ्रेट वरचा डी-शार्प आणि त्यापुढचे सूर भरलेले लागतात. मोकळी बी अजून थोडी पातळ आहे. गाण्याच्या शेवटी लांब धरायचा बी ती आता ई तारेच्या सातव्या फ्रेटवर, एक सप्तक वर घेते, आणि मोकळी तार फक्त पीए असलेल्या कार्यक्रमांसाठी राखून ठेवते.